घरच्या बंदराची गाठ

"धाकू, माका तुज्या घराची वाट अजून गावता. तुका म्हणे तुजाच बंदर गावाक नाय."

उस्मान नाखवा खळ्यातून पडवीत येता येता असं म्हणाले आणि बाकावर टेकले. वहाणा त्यांनी पायरीखाली नीट जोडून ठेवल्या. ते घाईत असले की वहाणा कशाही पडायच्या. आज नीट ठेवल्या म्हणजे सांगायचं काहीतरी जड होतं.

आबा हसले. हसताना तोंडावर हात धरायची सवय त्यांना नुकतीच लागली होती. पुढचे वरचे आणि खालचे दात गेले होते.

"गावला मा. दोन दिवसांनी गावला."

"रत्नागिरी बघून."

"रत्नागिरीय बघूक होयी कधीतरी."

मी आत दाराआड जाळं विणत बसले होते. सुनेने पुरुषांच्या बोलण्यात यायचं नाही, पण कान कोण बंद करणार? आणि ही गोष्ट तर तोवर थरवली बंदरातल्या न्हाव्यालासुद्धा पाठ झाली होती. ‘सलामत’ ही उस्मान नाखवांची शिडाची फत्तेमारी. माझे सासरे आबा, म्हणजे धाकू कोयंडे, तिचे तांडेल. म्हणजे कुठे वळायचं आणि कुठे नांगर टाकायचा ते ज्याच्या शब्दावर ठरतं तो माणूस. त्या साली बसऱ्याहून खजूर भरून येताना त्यांनी जहाज आमच्या बंदरासमोर आणायचं ते वर रत्नागिरीसमोर नेऊन उभं केलं. तिथून खाली यायला दोन दिवस गेले. खजूर नासला नाही, कोणी दगावलं नाही. पण तांडेलाला स्वतःचं घर चुकलं, याहून मोठी गोष्ट किनाऱ्यावर नसते.

"डोळे दाखवलंस कोणाक?" नाखवांनी विचारलं.

"डोळ्यांक काय धाड भरली?"

"मगे रत्नागिरी कशी इली?"

आबांच्या मांडीवर त्यांची फळी होती, तिची दोरी ते बोटाला गुंडाळत राहिले.

ही फळी म्हणजे शिसवीचा एक चौकोनी तुकडा, तळहातापेक्षा थोडा मोठा. मध्ये भोक, भोकातून ओवलेली मेण लावलेली दोरी, आणि दोरीवर गाठी. अरबी खलाशी तिला कमाल म्हणत. आमच्या घरात ती नुसती फळी. प्रत्येक गाठ एका बंदराची. त्या बंदराची गाठ दातांत अडकवायची, दोरी ताणून फळी डोळ्यासमोर धरायची, फळीची खालची कड पाण्याच्या रेघेवर टेकवायची आणि वरच्या कडेवर ध्रुव बघायचा. तारा कडेवर बसला तर तुम्ही त्या बंदराच्या समोर आलात. मग सरळ उगवतीकडे वळायचं. तारा कडेच्या वर राहिला तर बंदर अजून दक्षिणेला आहे. लाकडामागे झाकला गेला तर तुम्ही दक्षिणेला उतरून चुकलात. अक्षरं मी पुढे पन्नाशीत शिकले, पण ह्या गाठी मला लग्न झाल्याच्या पहिल्याच वर्षी वाचता यायला लागल्या होत्या. मुंबईची फळीच्या जवळ, मंगळूरची लांब, आणि मधली, चावून चावून काळी झालेली, ती घरची.

"धाकू," नाखवा म्हणाले, "माज्या बापाशीच्या वेळेपासून तू जहाजार आसस. तुका उतरवूचा माज्या जिवार येता. पण तेच्यात माणसां बसतत. शनिवारी सांजे मी कातळार येतंय. घरची गाठ तोंडात धर आनि तारो बसव. बसलो तर मंगळूरची खेप तुजी."

"बसलो काय नाय ता तुका कसा कळतला? दिसता ता धरणाऱ्याक."

"तू सांगशीत ना. तू खोटा बोलाचंस नाय."

"आनि नाय बसलो तर?"

नाखवांनी पायरीखालच्या वहाणांकडे बघितलं.

"तर लाडग्या सारंगाक दी," आबाच म्हणाले. "तो बरो आसा. शिव्या जास्ती घालता, पण बरो आसा. च्या घे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "च्या देतंय, पण गूळ संपलो, नाखव्यानु. तुमच्या खजुराबरोबर पियाची लागतली."

"खजूर नको गो वैनी. एक बी चावली नि धाकूचे चार दात गेले. माजे अजून लय उपयोगी आसत."

सगळे हसले. आबाही हसले, तोंडावर हात धरून.

नाखवा गेल्यावर मात्र सासूबाई पडवीत आल्या आणि आबांकडे न बघता, खांबाशी बोलल्यासारखं म्हणाल्या, "ह्ये उतरले तर बाबलोय उतरलो. ह्या मी पयलाच सांगान ठेवलंय."

बाबल म्हणजे माझे घरचे. त्यांचे थोरले भाऊ अनंता दुसऱ्या कोणाच्या जहाजावर मलबारात गेले, ते परत आले नाहीत. नुसता सोबत्यांनी आणलेला पेटारा आला. त्यानंतर सासूबाईंनी धाकट्याला बरीच वर्षं पाण्यात पाय घालू दिला नाही. शेवटी कबूल झाल्या त्या एका अटीवर. बाबल दर्यावर जाईल तर बापाच्या जहाजावर, बापाच्या नजरेखाली. बाप जमिनीवर तर पोरगाही जमिनीवर.

आबांनी मान हलवली. "आसा मा ध्यानात."

*

आमच्या ह्यांना देवगडच्या एका वखारीत लाकडं मोजून घ्यायचं काम मिळत होतं. ह्यांच्या मामांनी बोलून ठेवलं होतं. जहाज परतल्यापासून हे दोन-चार वेळा तिथे जाऊन आले आणि प्रत्येक वेळी अंगाला भुसा लावून आले.

"वखारीत ऊन नाय, पाऊस नाय," मला म्हणाले. "दुपारी जेवक घराक. तुका बरा."

"आनि तुमका?"

"माका काय? लाकूड ता लाकूड. जहाजाचा काय नि वखारीचा काय."

आमच्या लग्नाला तेव्हा दोन पावसाळे झाले होते. पावसाळे म्हणजेच आमचा संसार, कारण बाकीचे महिने हे पाण्यावर. मी खरं सांगते, दुपारी जेवायला घरी, हे शब्द मला गोड लागले. त्या दिवशी मी सोलांची कढी केली आणि बांगडा तळला. हे जेवायला बसले. अर्धा भात झाला आणि बाहेर माडाच्या झावळ्या सळसळल्या. मतलई सुटली होती, जमिनीवरून दर्याकडे जाणारा वारा. हे हात तसाच ताटात ठेवून उठले, खळ्यात गेले, तोंड वर करून उभे राहिले. थोड्या वेळाने परत आले आणि जेवण झालं म्हणाले.

बांगड्याचं डोकं तसंच होतं. डोकं म्हणजे त्यांचा जीव.

संध्याकाळी ते वाळूवर ओढून ठेवलेल्या होडीशी जाऊन बसायचे, समोर ‘सलामत’ नांगरावर डुलत असायची. तिथून आले की बापाशी फार हळू बोलायचे, आजारी माणसाशी बोलतात तसं. पायरी आली की "आबा, पायरी" म्हणायचे. आबा "हो रे" म्हणायचे आणि पाय उचलून टाकायचे.

नाखवा येऊन गेले त्याच्या दुसऱ्या दिवशी सासूबाई मला म्हणाल्या, "सांजे आबांच्या वांगडा कातळार जा गो. त्यांका धड दिसणा नाय. पाय घसारलो तर गेले पाण्यात."

कातळ म्हणजे बंदराच्या टोकाचा काळा खडक. तिथून उत्तरेला समुद्र मोठा आत शिरलेला आहे, त्यामुळे ध्रुवाखाली पाण्याची रेघ दिसते. थरवलीचे सगळे तांडेल घरची गाठ त्याच खडकावर मारत आणि तिथेच तपासत. ज्या बंदराची गाठ ती त्याच बंदरात मारायची, ही जुनी रीत. आबा रोज संध्याकाळी तिथे जात होते. लोक वाटेत थांबून बघत आणि जीभ टाळ्याला लावून च्च करत.

मी डोक्यावर पदर घेऊन चार पावलं मागून चालत होते. आबा पुढे, हातात फळी. खडकाळ वाट, मधेच चिंबोऱ्यांची भोकं, शेवाळ. आबा कुठेही अडखळले नाहीत. मीच एकदा घसरले.

"सांबाळून," ते मागे न बघता म्हणाले. मग थांबले. "शेवंते, ती होडी बघ."

मला पाण्यावर एक काळी काडी दिसली.

"मागच्या वल्ह्यार भाग्या आसा. फुडे तेचो मेवणो. आज जाळ्यात कायच गावाक नाय."

"ता कसा कळला?"

"दोगांय गप बसलेत. गावला असता तर भाग्या गायलो असतो."

आम्ही खडकावर पोचेपर्यंत होडी किनाऱ्याला लागली. मागे भाग्याच होता, पुढे त्याचा मेव्हणा, आणि टोपली रिकामी. मी आबांकडे बघितलं. ते सूर्य बुडायची वाट बघत होते, जसं काही बोललेच नव्हते.

उजेड मावळला, पण पाण्याची रेघ अजून स्पष्ट होती, आणि तिच्यावर ध्रुव मिणमिणायला लागला. दोन्ही एकदम दिसतात असा वेळ थोडाच असतो. आबांनी दोरी तोंडात घेतली, फळी ताणून धरली. जरा वेळाने खाली केली.

"झाकलो," शांतपणे म्हणाले. "लाकडामागे गेलो."

म्हणजे फळी सांगत होती की आपण घरापासून खाली दक्षिणेला आहोत, घर अजून वर आहे. आणि घरातला दिवा तर आमच्या पाठीमागे, हाकेच्या अंतरावर दिसत होता.

"परत धरून बघा."

त्यांनी परत धरली. ह्या वेळी मी तारा बघत नव्हते, मी आबांचं तोंड बघत होते. पहिल्या वर्षी मी त्यांना पडवीत फळी धरताना बघितलं होतं. तेव्हा गाठ पुढच्या दातांमागे अडकायची, ओठ उघडे, दोरी दातांमधून सरळ बाहेर. आता दोरी तोंडाच्या कोपऱ्यातून आत जात होती, गालात, पार मागे दाढेपर्यंत. गाल फुगला होता.

घरी आल्यावर मी जाळ्याला बसले. सुताचं टोक दातांत धरून विणायची मला सवय. मी ते पुढच्या दातांतून काढून दाढेत धरलं आणि हातातली लाकडी पट्टी त्याला ताणून बघितली. पट्टी अंगठ्याच्या पेराएवढी जवळ आली. दाराची चौकट तिच्यामागे मघापेक्षा जास्त झाकली गेली. मी सूत परत पुढच्या दातांत धरलं. चौकट दिसायला लागली.

"काय करतंस गो?" सासूबाई म्हणाल्या. "जाळा विणतंस काय चघळतंस?"

"कायनाय, आये."

मला हसू येत होतं आणि ते दाबता येत नव्हतं. सासऱ्याच्या तोंडाबद्दल सुनेने कोणापुढे बोलायचं नसतं, म्हणून मी ह्यांनाही सांगितलं नाही. म्हटलं, आधी आबांना.

*

शुक्रवारी कातळावर पोचेपर्यंत मी दम धरला.

"आबा, एक सांगू? रागावू नकात."

"सांग."

"तुमचे डोळे बरे आसत. तारोय जाग्यार आसा. चूक दातांची आसा."

ते दोरी सोडवत होते, ते थांबले.

मी एका दमात सगळं सांगून टाकलं. गाठ पुढच्या दातांची; आता ती मागे दाढेत जाते; फळी डोळ्याजवळ येते, मोठी दिसते, तारा झाकते. बसऱ्याहून खाली येताना म्हणूनच घर लवकर आल्यासारखं वाटलं आणि जहाज रत्नागिरीला वळलं. "पेरभर लांब नवी गाठ मारली काय झाला. उद्या नाखव्यासमोर तारो बसता का नाय बघा."

मला वाटलं होतं ते खूश होतील. ते खडकावर खाली बसले.

"तुका ह्या कवा कळला?"

"काल."

"माका रत्नागिरीत कळला. समोर दीपगृह दिसला, नि मी जिबेन दातांची जागा चाचपलंय."

मला काही उमगेना. "मगे नवी गाठ कित्याक मारूक नाय? लोक तुमका आंदळो म्हणतत."

"म्हणूदेत."

"पण जहाज जाता ना हातचा."

"बस गो," ते म्हणाले. "उभ्यान ऐकाची गजाल नाय ही."

मी बसले, जरा लांब. आबा पाण्याकडे बघत बोलायला लागले, अगदी साध्या आवाजात.

"दात खजुराच्या बियेन गेले नाय. येताना मकराणच्या किनाऱ्याखाली वारो एकदम फिरलो. शीड आवरूक बाबलो वयर गेललो. आडव्या लाकडाचो फटको बसलो नि गेलो पाण्यात. हातात दोर तेवढो धरून ऱ्हवलो. दोर माज्या कुशीसून सरसरत भायर चललो. खुंटाक एक वेढो होतो, तोय सुटाक लागललो. माजे दोनय हात सुकाणार. सुकाण सोडलंय तर जहाज फिरान तेच्याच अंगार जातला." ते थांबले. "मगे काय ऱ्हवला? तोंड ऱ्हवला. तोंडान धरलंय."

मी त्यांच्या तोंडाकडे बघितलं.

"पोरां धावली, ओढल्यानी तेका. वयर इलो, नि माका म्हणता, आबा, तुमच्या तोंडात रगत, पडलात काय?" आबांनी तोंडावर हात धरला. "भिजान चिप झाललो, नि माका इचारता पडलात काय."

खाली लाट फुटली. ते तिचं पाणी ओसरेपर्यंत थांबले.

"सगळ्यांनी दर्याची शपथ घेतली, घरात बोलूचा नाय. तुज्या सासवेक कळला तर ती जीव दीत. मगे रत्नागिरी इली नि लोक म्हणूक लागले, धाकूचे डोळे गेले. मी म्हटलंय, बरा झाला. डोळे गेले तर मी उतरलंय. मी उतरलंय तर बाबलो उतरलो, तेच्या आयशीची अटच आसा. कोणाक काय सांगूक नको. खोटाय बोलूक नको. जुनी गाठ दाढेत धरूची, तारो झाकताच. नाखव्याक सांगूचा, झाकलो. झाला."

म्हणजे हा माणूस रोज संध्याकाळी लोकांच्या देखत इथे येत होता तो तारा बसवायला नव्हे. न बसवायला.

"ह्यांका ठावक आसा?"

"बाबल्याक? छ्या. तेका वाटता मी खरोच आंदळो. परवा माका हाताक धरून होडीतसून उतरवल्यान. गुडघाभर पाण्यात. मीच तेका शिकवललो उतरूक."

सूर्य पाण्याला लागला होता. आबांनी दोरी उलगडून मांडीवर पसरली.

"माजा ठरलला. पण आता तुका कळला, तर ता माज्या एकट्याचा ऱ्हवला नाय. अनंताक धाडलो तवा मी कोणाकच इचारलंय नाय. तेच्या आयशीक नाय, कोणाक नाय. बाप म्हणतलो ता खरा, असा होता. म्हणान तुका इचारतंय, शेवंते. तू म्हणशीत तर उद्या मी आंदळो. तुजो घोव दुपारी घराक जेवतलो. नायतर गाठ मार."

"मी?"

"माजी बोटां आता बारीक गाठ मारणत नाय. ह्यो गाठी सगळ्यो अनंतान मारलल्यो."

मी त्या काळ्या गाठीकडे बघितलं. इतके दिवस ती मला आबांच्या हातची वाटत होती.

"आपण ह्यांकाच इचारूया," मी म्हणाले.

"तेका इचारलंय तर उत्तर ठरलला आसा. म्हणान तुका."

मी खडकावर बसून राहिले. मनात दोनच गोष्टी होत्या आणि दोन्ही डोळ्यांसमोर दिसत होत्या. एक, काळं पाणी आणि त्यात सरसरत जाणारा दोर. दुसरी, वखारीतून भुसा लावून आलेला माणूस भिंतीकडे तोंड करून निजलेला. सूर्य गेला. आबांनी घाई केली नाही. ध्रुव अजून दिसत नव्हता, पण कुठे दिसेल ते त्यांना माहीत होतं, ते तिकडे बघत होते.

"आबा," मी म्हणाले, "ते घरात जेवतत. पण अर्धा ताटात ठेवतत. परवा माशाचा डोका ठेवल्यानी."

"बाबल्यान? डोका?"

"होय."

आबा हळूच म्हणाले, "अनंता गेलो तवा आयशीन बाबल्याक बांधून ठेवल्यान. तवाय डोका टाकी."

मी दोरी हातात घेतली.

अनंतांची गाठ मी सोडली नाही. तिच्या पलीकडे, पेरभर लांब, एक सैल गाठ घातली. जाळ्याची घालतो तशी, सरकवली तर सरकेल आणि आवळली तर पुन्हा हलणार नाही अशी. तारा दिसायला लागला. आबांनी गाठ दाढेमागे घेतली, दोन्ही हातांनी फळी ताणली. तोंडात दोरी, बोलणार कसे? त्यांनी मान हलवली, नाही. मग फळी थोडी वर ढकलल्यासारखी केली. म्हणजे तारा कडेच्या वर राहिला, फळी जास्त लांब गेली होती. दोरी तोंडातून काढली, मी गाठ किंचित फळीकडे सरकवली. पाण्याची रेघ पुसट होत चालली होती. परत धरली. आता तारा कडेला घासून, पण अर्धा झाकलेला. मी तांदळाच्या दाण्याएवढी बाहेर घेतली. दोरी ओली होती, बोटांत निसटत होती.

तिसऱ्या वेळी आबा हलले नाहीत.

मी वाट बघितली. मान हलत नव्हती, ना होय ना नाही. रेघ जवळजवळ गेली होती.

"आबा, बसलो?"

त्यांनी उत्तर द्यायला तोंड उघडलं नाही. गाठ सरकेल म्हणून मीच पुढे झाले आणि त्यांच्या ओठांतून दोरी चिमटीत धरून बाहेर काढली. सुनेने सासऱ्याच्या तोंडाला हात लावायचा नसतो. मी गाठ आवळली, दातांनी ओढून आवळली.

"बसलो," आबा म्हणाले.

*

शनिवारी उस्मान नाखवा आले, बरोबर लाडगा सारंगही आला, उगाच लांब उभा राहिला. आबांनी तारा धरला आणि सांगितलं, बसलो. चूक कुठे होती तेही सांगितलं. दात पडले, गाठ बदलावी लागली. दात कसे पडले ते नाखवांना खजुराच्या बियेपुरतंच माहीत होतं.

"म्हणजे डोळे नाय, दात," नाखवा म्हणाले. "धाकू, लोक घर डोळ्यान सोधतत. तू दातान सोधतस."

"बाकीच्यो गाठी त्या त्या बंदरात परत मारूक होयो. मंगळूरची मंगळुरात."

"मार. जल्मभर मारीत बस."

लाडगा सारंगाने एक शिवी दिली, आनंदाची. सासूबाईंनी ऐकलं तेव्हा एवढंच म्हणाल्या की दातांचं काय ते आधी सांगायला नको होतं का, पंधरा दिवस जिवाला घोर. आणि ह्यांनी त्या रात्री कढीचा टोप पुसून खाल्ला.

मंगळूरच्या खेपेला निघाले त्या सकाळी वाळूवर सगळी माणसं जमली होती. सासूबाईंनी नारळ दिला, ह्यांच्या कपाळाला बोट लावलं, आबांना म्हणाल्या, नजरेखाली. आबा "हो गो" म्हणाले आणि होडीत चढून वल्हेवाल्याला ओरडायला लागले. सासूबाई शेजारणीशी बोलत मागे सरकल्या. हे माझ्याजवळ आले. चारचौघांत नवराबायको बोलत नसत, म्हणून ते नुसतेच उभे राहिले, चेहरा असा की दर्याच पिऊन टाकतील.

"येतंय," म्हणाले.

मी पदर नीट केला आणि खाली बघून हळू म्हटलं, "आबांच्या तोंडात आता फुडचो एकव दात नाय. परत पडलात तर तुमका कशान धरतले?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग होडीतल्या बापाकडे, मग परत माझ्याकडे. कान लाल झाले होते. मग वळले आणि पाण्यात शिरले. एरवी ते एक हात टेकून होडीत उडी मारायचे. त्या दिवशी त्यांनी दोन्ही हातांनी कड घट्ट धरली आणि लहान पोर चढतं तसे एकेक पाय टाकून चढले.